मामाजीची जागा

न्यूझीलंडला शिकायला गेलेल्या माझ्या नातीनं मागच्या महिन्यात मला फोनवर एक फोटो पाठवला. ती आणि तिच्या चार मैत्रिणी पाठीवर बिऱ्हाड घेऊन तिकडच्या कुठल्याशा थंड, बारमाही ओल्या जंगलात सहा दिवस चालत होत्या, तंबूत राहत होत्या. झाडांच्या बुंध्यांवर बोटभर शेवाळ, फांद्यांना लोंबणाऱ्या हिरव्या जटा, वर धुकं. वाटेच्या वळणावर दगडांचा एक ढीग होता आणि त्याला टेकून माझी नात दात काढून हसत होती. मी लगेच फोन लावला. "तो ढीग कोणाचा आहे?" ती म्हणाली, "कोणाचा नाही गं आजी, येणारे-जाणारे एकेक दगड ठेवतात. असाच आहे." मी म्हटलं, "असाच ढीग जगात कुठं नसतो. ऊठ तिथून." ती म्हणाली की ती तिथून केव्हाच उठली, आता दोन मुक्काम पुढे आहे, आणि तू कशाला चिडतेस? तेवढ्यात फोन कटला. जंगलात रेंज नसते हे मला मान्य आहे, पण पोरीनं मुद्दाम कापला असण्याचीही शक्यता आहे. माझ्याच वळणावर गेली आहे.

मी तोंडाची फटकळ आहे हे आमच्या घराण्यात सर्वमान्य आहे. नाव शांता, आणि बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, जिथे जाईन तिथे एक भांडण करूनच परतते, असं माझा मुलगा चारचौघांत सांगतो आणि लोक हसतात. हसोत बापडे. पण मी जन्मापासून अशी नव्हते. पंधरा वर्षांची होईपर्यंत मी इतकी मुकी होते की आई म्हणायची, या पोरीला गायींच्या कळपात सोडली तर गुराखी मोजताना चुकेल. माझं तोंड एका विशिष्ट सकाळी उघडलं, आणि उघडलं तेही उशिरा. त्या उशिराचा राग मला आजही येतो. तो उतरेल म्हणून लिहीत नाही. आहे तो आहे, लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा जवाहरनगरला, कारखान्याच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे एक मोरी, पुढे हातभर अंगण. बाबा कारखान्यात मजूर होते. सकाळी भोंगा वाजला की अख्ख्या लाइनीतल्या स्टोव्हना एकदम पंप मारल्याचा आवाज यायचा, मग सायकलींच्या घंट्या, मग बसचा हॉर्न, आणि नंतर एकाएकी सगळं इतकं शांत व्हायचं की नळाचं टपटपणंही ऐकू यावं. शेजारी बंगाली, त्यांच्या पलीकडे मद्रासी, समोर पंजाबी. सकाळी एका घरातून मोहरीच्या तेलाचा वास, दुसऱ्यातून कढीपत्त्याचा. आमच्याकडून लाखोरीच्या डाळीचा, आणि हिवाळ्यात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा उकडल्याचा. गंमत अशी, की हजार हजार मैलांवरून आलेली ही माणसं कॉलनीची होती आणि आम्ही, ज्यांचं गाव बसनं अर्ध्या दिवसावर होतं, ते तिथे उपरे ठरलो होतो. मी 'मले', 'तुले' म्हटलं की पोरी तोंडावर हात ठेवायच्या. मला नाव पडलं होतं 'झाडपी'. आमच्या मुलखाला झाडी म्हणतात; झाडीतली, म्हणजे अडाणी. मग मी बोलणंच सोडलं. बोललं नाही तर कोणाला कळतं, तुम्ही कुठल्या आहात ते?

गाव सिहोऱ्याच्या पलीकडे, डोंगराला पाठ लावून बसलेलं. पुढे तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे जंगल. सुटी लागली की मी भागरताआत्याकडे. आत्या बाबांची थोरली बहीण, गावातल्या गावातच दिलेली, आणि फार लवकर विधवा झालेली. तिला मूल नव्हतं, त्यामुळे तिची सगळी शिकवण माझ्या वाट्याला आली. तिच्याकडे सकाळी पेज, दुपारी भात आणि तलावातल्या झिंग्यांचं कालवण, संध्याकाळी तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी. भाकरीचा पहिला पापुद्रा ती माझ्या हातावर टाकायची आणि मी चटक्यानं नाचेपर्यंत हसायची. चूल मांडायला मला तिनंच शिकवलं. तीन दगडांची चूल सगळं गाव मांडतं, पण आत्या तोंडाशी एक चौथा दगड ठेवायची, चपटा, आडवा. लाकडाचं टोक आत आणि पोट त्या चौथ्या दगडावर. "लाकडाले बी दम घेऊ दे ना वो," असं म्हणायची. लाकूड उचललेलं राहिलं की खालून हवा खेळते, ओलं असलं तरी धरतं. गावातल्या बायका तिची थट्टा करत, भागरताच्या चुलीला उंबरठा आहे म्हणून. पण पावसाळ्यात विस्तव मागायला तिच्याकडेच येत.

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. हे मामाजी मी पाहिलेच नाहीत. माझ्या जन्माच्या आधी, हिवाळ्यात, त्यांचा एक हेला, म्हणजे रेडा, जंगलात चुकला. ते शोधायला गेले. हेला संध्याकाळी आपल्या पायानं गोठ्यात आला, मामाजी आले नाहीत. वाघानं नेलं होतं. दुसऱ्या दिवशी जे सापडलं ते एका पंच्यात मावलं, असं आजोबा सांगायचे. जिथे सापडलं ती जागा डोंगराच्या वाटेवर एका मोठ्या खडकाच्या आडोशाला होती. झाडीत रीत आहे, वाघानं माणूस घेतला त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक लाकूड टाकायचं. का, ते विचाराल तर दहा जण दहा गोष्टी सांगतील. कोणी म्हणे, मेलेला वाटसरूंना छळू नये म्हणून. आत्याचं कारण साधं होतं. "हिवाच्या दिसात गेला तो. असू दे दोन लाकडं जवळ." त्या वाटेनं रोज बायका मोळ्या आणायला जायच्या. डोक्यावरची मोळी म्हणजे त्यांच्या दोन दिवसांच्या चुली, एकेक काटकी मोजून बांधलेली. तरी खडकापाशी आलं की प्रत्येक बाई मान न वळवता हात वर करून मोळीतलं एक लाकूड उपसायची आणि तिथे टाकायची. वर्षानुवर्षं. माझ्या लहानपणी तो ढीग माणसाच्या छातीपर्यंत आला होता. पावसाळ्यात घराघरांत लाकूड संपायचं, बायका खाटेचा मोडका खूर जाळायच्या, पण त्या ढिगातली काडी कोणी उचलली नाही. आम्ही त्याला नुसतं 'मामाजीची जागा' म्हणायचो. मीही तिथे कितीदा लाकूड टाकलं होतं. आत्या म्हणायची, "ठेव, शांते. सांग त्याले, भाची आली म्हणून." आणि मी सांगायचे.

आता बक्षी सर. कॉलनीतल्या कोणा साहेबांचे ते मेहुणे, दर रविवारी नागपूरहून स्कूटरवर यायचे आणि मोठ्या मुलामुलींना हायकिंग शिकवायचे. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, खिशात नकाशा. गाठी मारणं, होकायंत्र बघणं, तंबू ठोकणं. मजुराच्या पोरींना त्यात कोणी बोलावत नसे, पण त्या वर्षी संख्या कमी पडली आणि माझा नंबर लागला. शेजारच्या बंगाली काकूंनी त्यांच्या मुलीचे कॅनव्हासचे बूट दिले, पुढे कापूस भरला तेव्हा माझ्या पायात बसले. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी बुटांना स्वतः खडू लावला. पोरगी साहेबांच्या पोरांबरोबर चालली. पाच दिवसांचा कॅम्प. कुठे, ते सरांनी नकाशा भिंतीवर लावून सांगितलं. सिहोऱ्याच्या पलीकडचा डोंगर. "एकदम दुर्गम भाग आहे," सर म्हणाले. "इथे आजवर माणसाचा पाय लागलेला नाही." मी त्या नकाशाकडे बघत होते. सरांचं बोट बरोबर आमच्या गावामागच्या वाटेवर होतं. माणसाचा पाय म्हणे. माझ्या आत्याच्या टाचांना त्या वाटेनं पडलेल्या भेगांत रुपया उभा राहिला असता. पण मी काय केलं? सगळ्यांबरोबर डोळे मोठे केले, आणि जणू काही मीही असं जंगल जन्मात पाहिलं नाही असं तोंड केलं.

पहिल्याच दिवशी आम्ही रांगेनं चढत असताना समोरून मोळीवाल्या बायका उतरत आल्या. दहा-बारा जणी, कासोटे खोचलेले, पायांत काही नाही, आणि त्या ओझ्याखाली चालताना होतो तो हुं हुं असा आवाज. पोरांनी वाट सोडली आणि कोणीतरी मागून तसाच आवाज काढला. सगळे हसले. रांगेत तिसरी आत्या होती. मोळी डोक्यावर असली की मान हलवता येत नाही, फक्त डोळे फिरतात. तिचे डोळे माझ्या टोपीवर आले, पॅंटवर आले, बुटांवर आले. तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू फुटायला लागलं, आणि मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. सुटलेली नव्हती. वर पाहिलं तेव्हा ती पुढे गेली होती. तिनं हाक मारली नाही. भाचीला लाज वाटते आहे एवढं समजायला तिला फार शहाणपण लागत नव्हतं, आणि समजून तिनं मला वाचवलं. हेच मला अजून सोसत नाही.

तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. डिसेंबरातला पाऊस आमच्याकडे कापलेल्या धानाचा वैरी, तो आला की लोक आभाळाला शिव्या देतात. दुपारपासून रात्रभर पडला. तंबू गळाले, पिठाची पिशवी भिजली, पोरं एकमेकांना चिकटून बसली. सकाळी पाऊस थांबला तेव्हा थंडी अशी की बोटं मिटत नव्हती, आणि आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीचे ओठ निळे पडले होते. हे मी लिहिलंच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल की कोणी मजेनं काही केलं. थंडी खरी होती, भूक खरी होती. पण त्या जागेपासून आमचं गाव दीड कोसावर होतं. उतारानं गेलं असतं तर तासाभरात वीस चुली पेटलेल्या मिळाल्या असत्या, बायकांनी पोरांना पोटाशी धरलं असतं, गरम पेज पाजली असती. हे फक्त मला माहीत होतं. सर म्हणत होते की हायकिंगमध्ये वस्तीची मदत घेणं म्हणजे हार. आणि मी, जिच्या तोंडात एका वाक्याचं औषध होतं, गप्प होते. कारण ते वाक्य बोललं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं माहीत? आणि मग मोळीवाल्या बायकांत तिसरी कोण होती ते सांगावं लागलं असतं.

सरांनी लाकडं शोधायला सांगितलं. सगळं जंगल निथळत होतं. दोन मुलं गेली ती ओरडतच परत आली, पुढे खडकाखाली रचून ठेवलेलं लाकूड आहे, वरून ओलं, आतून कोरडं ठणठणीत. सर म्हणाले, "वनखात्यानं तोडून ठेवलं असेल, चला." पोरं धावली. मी मागून गेले. मला तेव्हाही वाटत होतं की दुसरा कुठला तरी ढीग असेल. खडक दिसला, तोच. पोरं ढिगावर चढली होती. वरचा ओला थर पायानं बाजूला सारून आतलं लाकूड काखेत घेत होती. एकानं माझ्या हातातही एक भारा दिला. मी तो घेतला. नाही म्हणाले असते तर का, ते सांगावं लागलं असतं. मी लाकडं नेली. एकदा नाही, तीनदा.

सरांनी सगळ्यांना त्या खडकाच्याच दुसऱ्या अंगाला, आडोशाला बोलावून घेतलं होतं, आणि तरी विस्तव पेटेना. सरांनी अर्धी काडेपेटी संपवली. नकाशा, शिट्टी, होकायंत्र, आणि माणसाला चूल पेटवता येत नाही. धूर, खोकला, लहान मुलगी रडायला लागली. मी पुढे झाले. हात आपसूक चालले, एवढंच म्हणते. तीन दगड मांडले, चौथा चपटा शोधून तोंडाशी आडवा टाकला, कोरड्या लाकडाची साल नखानं सोलून पिंजून घेतली, एक काडी ओढली, गुडघ्यावर बसून गाल न फुगवता लांब फुंकर घातली. धरलं. असं धरलं की पोरं टाळ्या वाजवायला लागली. वीस वर्षं वाळलेलं लाकूड होतं ते. सर म्हणाले, "शाबास! लडकी काम की निकली." ज्या पोरी मला झाडपी म्हणत त्या मला चिकटून शेकत बसल्या. खिचडी झाली. मला पहिलं ताट मिळालं. आज सत्तरीच्या घरात ही गोष्ट सांगताना थुंकावंसं वाटतं, पण खोटं कशाला बोलू, त्या शाबासकीनं मला ऊब आली होती. ती खिचडी मला गोड लागली होती.

आमची ताटं अर्धी झाली होती तेव्हा वरून बायका उतरल्या. पावसामुळे मोळ्या लहान होत्या. खडकापाशी आल्या आणि सवयीनं सगळ्यांचे हात वर गेले, प्रत्येकीनं एकेक लाकूड उपसलं, आणि मग त्या थांबल्या. टाकायला जागाच नव्हती. इकडेतिकडे फेकलेला ओला थर, चिखलात बुटांचे ठसे, थोडी उरलेली लाकडं आणि खडकाला टेकून आमची चूल. त्यांतली एक वयस्क बाई पुढे आली. "हे कोनं जाळलं?" ती म्हणाली. मग सरांकडे वळली. "हे कोनं जाळलं, सायब? हे जाळाचं लाकूड नाई. इथं मानूस गेला हाय." सर उभे राहिले. त्यांनी आधी हसून घेतलं. मग म्हणाले, "बाई, जंगल सरकारचं आहे. तुमच्या डोक्यावर जे आहे ते चोरीचं आहे. मी फॉरेस्टवाल्यांना बोलवू का?" झालं. बायकांचे चेहरे मिटले. कुऱ्हाड जप्त होणं, चौकीवर दिवस घालवणं, हे प्रत्येकीनं भोगलेलं होतं. एकेक करून त्या वाट चालू लागल्या. ज्या माणसाला चूल पेटवता आली नाही त्यानं एका वाक्यात बारा बायका विझवल्या.

आत्या गेली नाही. तिनं मोळी उतरवली. मोळी एकटीनं उतरवता येत नाही, खाली वाकून झटक्यानं टाकावी लागते, मानेला कळ येते. ती चुलीपाशी आली. माझ्याकडे तिनं पाहिलं नव्हतं, मी पोरांच्या मागे होते आणि अंगभर काजळी होती. ती चुलीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, जाळाकडे बघते आहे. ती चौथ्या दगडाकडे बघत होती. मग तिनं मान वर केली आणि एकेक चेहरा न्याहाळत बरोबर माझ्यावर आली.

"तू मांडली," ती म्हणाली. विचारलं नाही.

मी हातातल्या ताटाकडे पाहिलं.

"तुले तं मालूम होतं ना वो, शांते?"

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला रडता आलं असतं. तिनं हातातलं लाकूड खडकाच्या बुडाशी, जिथे पूर्वी ढिगाचा पाया होता तिथे ठेवलं, हातानं सरळ केलं. एकटं एक लाकूड. मी ताट टाकलं, चुलीजवळ उरलेल्या लाकडांतलं एक उचललं, धावत जाऊन तिच्या लाकडाशेजारी ठेवलं. धावड्याची हातभर काठी होती, घट्ट, पिवळसर. आत्या वाकली. ती काठी उचलून तिनं माझ्या हातात परत दिली.

"तू नोको ठेवू," ती म्हणाली.

मग तिनं मोळी दगडावर उभी केली, खाली बसून डोक्यावर घेतली आणि गेली. मदतीला मी हात लावायला गेले तर तिनं मान फिरवून नाही म्हटलं, आणि मोळी डोक्यावर असताना मान फिरवायची नसते.

मागे बक्षी सर पोरांना समजावत होते की याला अंधश्रद्धा म्हणतात, आणि आपल्यासारख्यांनी गावागावांत जाऊन विज्ञान सांगितलं पाहिजे. तेव्हा माझं तोंड उघडलं. मी खिचडीचं पातेलं लाथेनं उलटं केलं. बंगाली काकूंच्या मुलीचे बूट त्या दिवशी कामाला आले. आणि कॉलनीत ज्या बोलीचा एक शब्द मी तीन वर्षं तोंडातून काढला नव्हता त्या बोलीत म्हणाले, "माये मामाजी होते ते. वाघानं खाल्ले. रोज एक एक लाकूड देऊन ह्या बायांनी ठेवले होते इथं. तुमी मानूस जाळला, सर. मानूस जाळून खिचडी खाल्ली आपन. अना ते बाई चोर नाई, माई आत्या हाय. तुमाले तं चूल पेटवता येत नाई." आणखीही बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. पोरं हसली नाहीत. सर लाल झाले आणि म्हणाले, हे आधी का नाही सांगितलंस? तो प्रश्न बरोबर होता. त्या माणसानं चार दिवसांत बोललेली तेवढीच एक बरोबर गोष्ट, आणि ती त्याच्याकडून ऐकावी लागली म्हणून माझा राग दुप्पट झाला.

मला त्याच दिवशी घरी पाठवलं. चार दिवसांनी साहेबांनी बाबांना बोलावलं. मला घेऊन बाबा त्यांच्या बंगल्यावर गेले, व्हरांड्यात बक्षी सर चहा पीत बसले होते. मी माफी मागणार नाही असं मी घरीच सांगितलं होतं, आणि मागितली नाही. बाबांनी मागितली. हात जोडून, माझ्या वतीनं, 'पोरगी आहे, चुकली' म्हणून. ज्याच्या मेहुण्याची राख झाली त्यानं राख करणाऱ्याची माफी मागितली. परत येताना सायकल हातात धरून ते म्हणाले, "लाकडं होती, शांते. लाकडंच होती ती." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नोकरीचा माणूस होता, मला आता कळतं. कळतं म्हणजे राग गेला असं नाही.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. तिनं मला टाकलं असतं तर सोपं होतं, मी भांडले असते. तिनं तसं काही केलं नाही. पुढच्या सुटीत गेले तर पेज तीच, भाकरीचा पापुद्रा तोच. माझ्या लग्नात ती तीन दिवस मांडवात राबली, माझ्या बाळंतपणाला येऊन राहिली, माझ्या मुलाला तिनं जवसाची चटणी खायला शिकवलं. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. पण तिच्याबरोबर त्या वाटेनं जायची वेळ आली की खडकापाशी ती म्हणायची, "उभी राय इथंच." मी वाटेवर उभी राहायचे. ती जाऊन लाकूड ठेवायची, ओठ हलवून काहीतरी सांगायची आणि परत यायची. ढीग पुन्हा वाढत होता, गुडघ्याएवढा झाला, कमरेएवढा झाला. धावड्याची ती काठी मी प्रत्येक वेळी पिशवीत घालून नेत होते. पिशवीतून तिचं टोक बाहेर दिसायचं. आत्याला ते दिसायचं. "ठेव" एवढं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. जगाशी भांडणारी मी, त्या एका बाईसमोर माझी जीभ टाळूला चिकटायची. ती गेली तेव्हा मी जवळ होते. पाणी मागितलं, उशी सरळ करायला सांगितली, आणि गेली.

मागच्या हिवाळ्यात मुलगा मला गाडीनं गावी घेऊन गेला. डोंगराच्या पायथ्याशी आता तंबूंचा कॅम्प आहे, शहरातले लोक पैसे देऊन थंडी खायला येतात, संध्याकाळी शेकोटी करतात, पाटीवर लिहिलं आहे, 'निसर्गाच्या कुशीत'. मला वाटलं होतं ढीग त्यांनीच संपवला असेल, आणि मी भांडायची तयारी करूनच उतरले होते. तसं नव्हतं. ते लाकूड विकत आणतात. ढीग त्याच जागी होता, पण वाळवी लागून खाली बसला होता, मातीत मातीसारखा. वर एकही नवं लाकूड नाही. गावात घरोघर गॅस आला, बायकांच्या माना सुटल्या, ती वाट बुजली. हे चांगलंच झालं, मोळीचं कौतुक ज्यानं मोळी वाहिली नाही त्यानं करावं. पण मग भांडायचं कोणाशी? मी काठी घेऊन उभी राहिले. अडवणारं कोणी नव्हतं. मुलगा म्हणाला, "आई, ठेव ना आता, एवढी आणलीस तर." मी त्याच्यावर खेकसले. ही कोणीही ठेव म्हटल्यावर ठेवायची काठी नाही. मामाजीच्या पहिल्या ढिगातलं ते शेवटचं लाकूड आहे, मी नेलेलं, मी न जाळलेलं, आणि परत घ्यायचं की नाही ते जिनं ठरवायचं ती न ठरवताच निघून गेली. त्या खडकापाशी मला आयुष्यात पहिल्यांदा आत्याचा राग आला. बक्षी सरांपेक्षा जास्त, बाबांपेक्षा जास्त. पंधरा वर्षांची पोर होते मी. एक शब्द होता तुझ्याकडे, आत्या, दिला असतास तर तुझं काय गेलं असतं?

काठी परत आणली. आमच्या दाराच्या मागे उभी असते. नातीनं जाताना ती सोबत न्यायला मागितली होती, दिली नाही, त्यावरूनही आमचं वाजलं. मुलाला आणि सुनेला मी बजावून ठेवलं आहे की मी गेले की ती माझ्याबरोबर द्यायची, सरणावर, माझ्या उजव्या हाताशी. सून म्हणते असं अभद्र बोलू नये. मी तिला सांगितलं, अभद्र काही नाही, एक ठेव परत करायची आहे. आत्या तिकडेही म्हणेल, "तू नोको ठेवू." म्हणू दे. या वेळी मी तिचं ऐकणार नाही.